व्यावसायिक गोल्फरचं आयुष्य आणि कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी संध्याकाळी ट्रॉफी उचलणारा खेळाडू सगळ्यांना दिसतो. मला येणारे प्रश्न मात्र बऱ्याचदा शुक्रवारीच बॅग भरून निघालेल्यांविषयी असतात: त्यांचं पोट कशावर चालतं, ते पुढच्या आठवड्यात परत कसे उभे राहतात. मला स्वतःला हा खेळ तिथेच सगळ्यात खरा वाटतो. पालक, नवशिके खेळाडू आणि नुकतेच गोल्फ बघायला लागलेले लोक पुन्हापुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

१. क्लबमध्ये शिकवणारे 'प्रो' आणि टीव्हीवर दिसणारे खेळाडू एकच का?

दोघंही व्यावसायिक, पण कमाईची वाट वेगळी. क्लबचा प्रो लोकांना शिकवतो, स्पर्धा भरवतो, क्लबचं साहित्याचं दुकान सांभाळतो आणि त्याबद्दल पगार किंवा फी घेतो. टूरवरचा, म्हणजे वर्षभराच्या स्पर्धामालिकेतला, खेळाडू स्पर्धांच्या बक्षिसांवर आणि प्रायोजकांवर जगतो. शिकवण्यासाठी लागणारं कसब आणि ७२ होल दडपणाखाली खेळण्याचं कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून एकाला दुसऱ्याच्या खालच्या पायरीचा मानू नये.

वर्षातून एकदा हे दोघे मोठ्या मैदानावर भेटतात. चार मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धांपैकी पीजीए चॅम्पियनशिपमध्ये २० जागा अमेरिकेतल्या क्लब प्रोंसाठी राखून ठेवलेल्या असतात. त्यातले बहुतेक दोन दिवसांत बाहेर पडतात. २०२३ मध्ये ओक हिलला मायकेल ब्लॉक नावाचा क्लब प्रो मात्र शेवटच्या दिवशी रोरी मॅकिलरॉयबरोबर खेळत होता. पंधराव्या होलवर त्याने मारलेला चेंडू टप्पाही न घेता थेट होलमध्ये पडला. त्याला काही क्षण कळलंच नाही, मॅकिलरॉयने येऊन मिठी मारली तेव्हा खात्री पटली. तो संयुक्त पंधरावा आला.

२. 'कट' म्हणजे काय?

बहुतेक व्यावसायिक स्पर्धा गुरुवार ते रविवार चालतात. रोज १८ होल, एकूण ७२, आणि ज्याचे फटके कमी तो पुढे. पहिल्या दोन दिवसांनंतर, म्हणजे ३६ होल झाल्यावर, खेळाडूंची संख्या कापली जाते. पीजीए टूरच्या (अमेरिकेतल्या पुरुषांच्या मुख्य टूरच्या) नेहमीच्या स्पर्धेत पहिले ६५ आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले पुढे जातात. चार मेजरपैकी मास्टर्समध्ये हा आकडा ५० आहे, यूएस ओपनमध्ये ६०, ओपन चॅम्पियनशिप आणि पीजीए चॅम्पियनशिपमध्ये ७०. बाकीचे घरी.

ज्याने शुक्रवारी सकाळीच आपला डाव संपवला आणि जो नेमका रेषेवर आहे, त्याची दुपार कशी जाते ते जरूर बघा. त्याच्या हातात आता काही नसतं. दुपारचे खेळाडू अजून मैदानावर असतात. वारा वाढला तर त्यांचे फटके वाढतात, रेषा एकाने खाली सरकते आणि हा आत येतो. वारा पडला की उलटं. कपडे बॅगेत भरलेले, विमानाचं तिकीट बघून ठेवलेलं, आणि डोळे स्कोअरबोर्डवर. कारकिर्दीत असे शुक्रवार शेकड्याने येतात.

३. कट चुकला तर पैसे मिळतात का? प्रवासाचा खर्च कोण देतं?

नेहमीच्या स्पर्धेत कट चुकला की बक्षीस शून्य. मेजरमध्ये बाद झालेल्या व्यावसायिकांना थोडी रक्कम मिळते, पण मेजर वर्षात चारच.

खर्च सगळा खेळाडूचा. तो कुणाचा नोकर नसतो, स्वतःचा धंदा चालवणाऱ्या माणसासारखा असतो. विमान, हॉटेल, जेवण, कॅडीचा आठवड्याचा पगार, प्रशिक्षकाची फी, फिजिओ हे सगळं तो जिंकला काय नि हरला काय, द्यावंच लागतं. पीजीए टूरने २०२३ पासून पूर्ण कार्ड (प्रश्न ५) असलेल्या खेळाडूला हंगामाला किमान ५ लाख डॉलरची हमी दिली आहे. खालच्या टूरवर असं कवच नाही, आणि जगातले बहुसंख्य व्यावसायिक गोल्फर तिथेच खेळतात. मुलाला या वाटेवर पाठवणाऱ्या पालकांनी पहिल्या क्रमांकाची कमाई बघू नये. शंभराव्या आणि दोनशेव्या क्रमांकावरच्याची बघावी आणि त्यातून वर्षभराचा खर्च वजा करावा.

४. बक्षिसाची वाटणी कशी होते? बरोबरी झाली तर?

पीजीए टूरच्या कट असलेल्या नेहमीच्या स्पर्धेत विजेत्याला एकूण रकमेच्या १८ टक्के मिळतात. दुसऱ्याला १०.९, तिसऱ्याला ६.९, चौथ्याला ४.९. उतार किती तीव्र आहे बघा.

पहिल्या क्रमांकाची बरोबरी प्लेऑफने, म्हणजे जादा होल खेळून, सुटते. बाकी ठिकाणी त्या त्या क्रमांकांच्या रकमा एकत्र करून सारख्या वाटतात. समजा एकूण रक्कम १ कोटी डॉलर आहे. एकटा दुसरा आला तर १० लाख ९० हजार. दोघे दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत असतील तर दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज करून प्रत्येकी ८ लाख ९० हजार. म्हणजे अठराव्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) चार फुटांवरून चेंडू होलमध्ये गेला की कडेला लागून बाहेर आला, यात २ लाख डॉलरचा फरक. विजेता आधीच ठरलेला असताना मागचे खेळाडू इतका वेळ घेऊन का पट (ग्रीनवरचा हलका फटका) मारतात, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

५. टूर कार्ड म्हणजे काय आणि ते कसं मिळतं?

कार्ड म्हणजे हंगामभर त्या टूरवर खेळण्याचा हक्क. पैसे भरून ते मिळत नाही. खालच्या टूरवर वर्षभर चांगलं खेळून ते कमवावं लागतं, किंवा 'क्यू स्कूल' नावाच्या पात्रता स्पर्धेतून. (नाव शाळेचं, पण तिथे शिकवत कुणी नाही, अनेक टप्प्यांतून गाळणी होते.) अलीकडे पीजीए टूरने दारं अरुंद केली आहेत. लगेच खालच्या कॉर्न फेरी टूरवरून आता पहिल्या २० जणांना कार्ड मिळतं, क्यू स्कूलमधून पहिल्या पाच जणांना. कार्ड टिकवायला पूर्वी गुणतक्त्यात पहिल्या १२५ मध्ये असावं लागे, २०२५ च्या हंगामापासून पहिल्या १०० मध्ये.

जिंकणाऱ्याला मात्र उसंत मिळते. पीजीए टूरवरच्या विजयाने किमान दोन वर्षांचं कार्ड येतं, मेजर जिंकल्यास पाच वर्षांचं.

आणखी एक बारीक फट आहे, सोमवारची पात्रता फेरी. त्या एका दिवसात १८ होल खेळून मूठभर लोक त्याच आठवड्याच्या स्पर्धेत शिरतात. २०१० मध्ये अर्जुन अटवालकडे कार्ड उरलं नव्हतं. तो सोमवारी पात्र ठरला, रविवारी विंडहॅम चॅम्पियनशिप जिंकला, आणि पीजीए टूर जिंकणारा पहिला भारतीय झाला. सहा दिवसांत माणसाची दोन वर्षं सुरक्षित झाली.

६. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, उशीर झाला का?

बहुतेक मोठे खेळाडू फार लहानपणी क्लब (चेंडू मारायची काठी) हातात धरतात, हे खरं. पण लॅरी नेल्सनने व्हिएतनाम युद्धातून परतल्यावर, विशी ओलांडून, खेळायला सुरुवात केली आणि तीन मेजर जिंकल्या. कॅल्विन पीट तेविशीत शिकला आणि पीजीए टूरवर १२ विजय मिळवले. वाय. ई. यांगने एकोणिसाव्या वर्षी सुरुवात केली आणि २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये टायगर वूड्सला शेवटच्या दिवशी मागे टाकलं. पंधरा हे वय उशिराचं नाही. घरची परिस्थिती हा खरा अडसर असतो, आणि तोही अभेद्य नाही: शिव शंकर प्रसाद चौरासिया हा मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा, तिथेच कॅडी म्हणून वाढला, आणि इंडियन ओपन लागोपाठ दोनदा, २०१६ आणि २०१७ मध्ये, जिंकला.

७. स्पर्धेच्या आठवड्यात खेळाडू काय करतो?

सोमवारी प्रवास. मंगळवारी सरावाची फेरी, ज्यात तो गुणांसाठी खेळतच नाही, ग्रीनच्या कोणत्या बाजूला चेंडू थांबतो आणि कोणत्या बाजूने घरंगळतो ते बघतो. बुधवारी प्रो-अॅम, म्हणजे प्रायोजकांच्या हौशी पाहुण्यांबरोबरची फेरी. गुरुवारी खरा खेळ. सकाळी लवकरची वेळ असेल तर अंधारात उठून अंग मोकळं करणं, मग सराव मैदान, मग पटिंग ग्रीन. फेरीनंतर पुन्हा सराव, फिजिओ, जेवण, झोप. रविवारी रात्री पुढचं शहर. घरापासून दूर राहण्याचा ताण पैशांच्या ताणाइतकाच मोठा असतो, त्याबद्दल बोललं कमी जातं.

८. कॅडी फक्त बॅग उचलतो का?

मुळीच नाही. त्याच्या खिशात एक छोटी वही असते, प्रत्येक होलच्या नकाशाची. त्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं: पाण्याच्या फवाऱ्याच्या या झाकणापासून ग्रीनची पुढची कड १४७ यार्ड, झेंडा त्यापुढे ९, मागे उतार. मग वारा समोरून आहे म्हणून किती वाढवायचे आणि खेळाडूच्या अंगात आत्ता किती जोर आहे म्हणून किती कमी करायचे, हे तो मनात धरतो आणि एकच आकडा बोलतो. खेळाडू गोंधळला असेल तर गप्प कधी राहायचं हेही त्यालाच कळावं लागतं. आठवड्याचा पगार आणि बक्षिसाचा वाटा असा मेहनताना असतो. रूढ पद्धत साधारण अशी: विजयात १० टक्के, पहिल्या दहांत आल्यास ७, एरवी ५.

त्याची चूक खेळाडूला भोवते. २००१ च्या ओपन चॅम्पियनशिपच्या शेवटच्या दिवशी इयान वूसनमने पहिल्या होलवर बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) केली आणि तो आघाडीवर होता. दुसऱ्या टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागी, कॅडीने सांगितलं की बॅगेत दोन ड्रायव्हर (लांब मारायचे क्लब) आहेत, म्हणजे पंधरा क्लब. मर्यादा चौदाची. दोन फटक्यांचा दंड बसला. वूसनम शेवटी संयुक्त तिसरा आला.

९. महिला व्यावसायिकांचं चित्र वेगळं आहे का?

खेळाची रचना तीच, बक्षिसं अजूनही कमी. एलपीजीए टूर १९५० मध्ये तेरा खेळाडूंनी स्वतः उभी केली. स्पर्धा ठरवणं, मैदान आखणं, प्रसिद्धीला फिरणं, सगळं त्याच करत. आज महिलांच्या मेजर पाच आहेत. आनिका सोरेनस्टामने एलपीजीएवर ७२ विजय मिळवले, त्यात १० मेजर, आणि २००१ मध्ये एका फेरीत ५९ फटके. लिडिया को सतराव्या वर्षी जागतिक क्रमवारीत पहिली आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या सुवर्णपदकाने तिला एलपीजीएच्या हॉल ऑफ फेमसाठी लागणारा शेवटचा गुण मिळाला. लोरेना ओचोआ २०१० मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, पहिल्या क्रमांकावर असतानाच थांबली. कुटुंबासाठी वेळ हवा होता. शिखरावरून स्वतःच्या मर्जीने उतरणं फार थोड्यांना जमतं.

१०. मोठी दुखापत झाली तर कारकीर्द संपते का?

कार्डापुरतं बोलायचं तर टूर दुखापतीची मुदतवाढ देते: चुकलेल्या स्पर्धांइतक्या संधी परत आल्यावर मिळतात, त्यात ठरलेले गुण कमवावे लागतात.

शरीराचं प्रत्येकाचं वेगळं. २ फेब्रुवारी १९४९ ला धुक्यात एक बस बेन होगनच्या गाडीवर समोरून आदळली. बायकोला वाचवायला तो तिच्या अंगावर झेपावला, म्हणून स्टीअरिंगच्या दांड्यापासून स्वतःही वाचला. कंबरेचं हाड, गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन), घोटा मोडला, पुढे रक्ताच्या गाठींसाठी शस्त्रक्रिया झाली. सोळा महिन्यांनी तो मेरियनला यूएस ओपन खेळला. तेव्हा शेवटच्या दिवशी एकदम ३६ होल असत. पायांना पट्ट्या बांधून तो ते चालला, दुसऱ्या दिवशी प्लेऑफचे आणखी १८ चालला, आणि जिंकला. टायगर वूड्सच्या पाठीचे मणके २०१७ मध्ये जोडावे लागले. २०१९ मध्ये त्याने मास्टर्स जिंकली, ती त्याची पंधरावी मेजर.

११. वयाच्या कितव्या वर्षी थांबावं लागतं?

सक्ती कुठेच नाही. पन्नाशीनंतर ज्येष्ठांची स्वतंत्र टूर असते, आणि काहींची दुसरी कारकीर्द तिथेच बहरते. बर्नहार्ड लँगर हे त्याचं मोठं उदाहरण. फिल मिकलसनने २०२१ ची पीजीए चॅम्पियनशिप पन्नासाव्या वर्षी जिंकली, मेजर जिंकणारा तो सर्वांत वयस्क. टॉम वॉटसन २००९ मध्ये टर्नबेरीला एकोणसाठाव्या वर्षी ओपन जिंकण्यापासून एका पारच्या (होल ठरलेल्या फटक्यांत पूर्ण करण्याच्या) अंतरावर होता. शेवटच्या होलवर त्याचा दुसरा फटका ग्रीनच्या मागे गेला, बोगी झाली (एक फटका जास्त लागला), आणि प्लेऑफमध्ये स्ट्युअर्ट सिंक जिंकला. ते आठवलं की मला आजही हळहळ वाटते.

१२. फॉर्म गेला की तो परत येतो का?

कधी येतो, कधी अर्धाच येतो. लँगरला पटिंग करताना हाताला अचानक झटका येण्याचा त्रास, ज्याला गोल्फर 'यिप्स' म्हणतात, पुन्हापुन्हा झाला. त्याने दर वेळी पटर धरण्याची तऱ्हाच बदलली आणि तो टिकला. डेव्हिड डुव्हाल १९९९ मध्ये जगात पहिला होता, २००१ मध्ये त्याने ओपन जिंकली, आणि त्यानंतर पीजीए टूरवर तो एकदाही जिंकला नाही. पण २००९ च्या यूएस ओपनला तो पात्रता फेरीतून आला, क्रमवारीत ८८२ वा, आणि संयुक्त दुसरा ठरला.

१३. हौशी खेळाडूने व्यावसायिक स्पर्धा जिंकली तर पैसे कुणाला?

त्याला नाही. जानेवारी २०२४ मध्ये वीस वर्षांचा विद्यार्थी निक डनलॅप 'द अमेरिकन एक्स्प्रेस' जिंकला. मिकलसननंतर, म्हणजे १९९१ नंतर, पीजीए टूरवर हौशी खेळाडू पहिल्यांदाच जिंकत होता. पहिल्या क्रमांकाचे १५ लाख १२ हजार डॉलर दुसऱ्या आलेल्या ख्रिस्तियान बेझाउडेनहाउटला मिळाले. डनलॅपला ट्रॉफी आणि कार्डाचा हक्क मिळाला (प्रश्न ५), आणि काही दिवसांतच तो व्यावसायिक झाला. २०२२ पासून हौशी खेळाडूंना नाव आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, बक्षिसाची मर्यादा मात्र १,००० डॉलरचीच.

१४. पंचाने पाहिलंच नसेल तर दंड कोण लावतं?

खेळाडू स्वतः. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सला वाटलं की चेंडू किंचित हलला. बाकी कुणाला दिसलं नव्हतं. त्याने स्वतःवर एक फटका घेतला, बरोबरी झाली, आणि प्लेऑफमध्ये तो हरला. २०१० मध्ये ब्रायन डेव्हिस पीजीए टूरवरच्या आपल्या पहिल्या विजयासाठी जिम फ्युरिकशी प्लेऑफ खेळत होता. मागे नेताना क्लब एका सुटलेल्या काडीला निसटता लागला. त्याने स्वतः पंचाला बोलावलं, दोन फटके घेतले, आणि विजयाबरोबर सुमारे चार लाख डॉलर गेले. पीजीए टूरवर तो कधीच जिंकला नाही. २०१९ मध्ये नियम सैल झाले, आज त्या काडीबद्दल दंड बसला नसता.

१५. चालता येत नसेल तर गाडी वापरता येते का?

मोठ्या टूरवर चालणं सक्तीचं आहे. केसी मार्टिनच्या पायात जन्मजात रक्ताभिसरणाचा विकार होता. तो न्यायालयात गेला आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सातास दोन मतांनी त्याला गाडीची परवानगी दिली. परवानगी अशा स्थितीपुरतीच आहे. होगनसारखी दुखापत (प्रश्न १०) झाली म्हणून ती आपोआप मिळत नाही.

१६. स्कोअरकार्डवर चूक राहिली तर? सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलेलं असतं ना?

पाहिलेलं असलं तरी सही केलेला आकडा महत्त्वाचा. प्रत्यक्षापेक्षा कमी फटके लिहून सही केली तर खेळाडू बाद होतो. (माहीत नसलेल्या दंडामुळे आकडा कमी पडला असेल तर आता सूट आहे, फटके वाढवले जातात.) जास्त लिहून सही केली तर तोच जास्तीचा आकडा कायम राहतो.

१४ एप्रिल १९६८, मास्टर्सचा शेवटचा दिवस आणि रॉबेर्तो दे विसेन्झोचा पंचेचाळिसावा वाढदिवस. सतराव्या होलवर त्याने तीन फटक्यांत बर्डी केली. त्याचं स्कोअरकार्ड लिहिणाऱ्या सहखेळाडू टॉमी आरनने चार लिहिले. अठराव्यावर दे विसेन्झोने बोगी केली होती, तो त्याच तंद्रीत टेबलाशी बसला, आकड्यांवर नीट नजर न फिरवता त्याने सही केली. खेळला होता ६५, नोंद झाली ६६. बॉब गोल्बीशी प्लेऑफ व्हायची ती झालीच नाही, एका फटक्याने तो दुसरा आला. त्याने आरनला दोष दिला नाही, चूक आपली म्हणाला. त्याच वर्षी तो ह्यूस्टनची स्पर्धा जिंकला. मास्टर्सच्या नोंदीत त्या दिवशी त्याच्या नावापुढे आजही ६६ च आहेत.